राईच्या पोटातली फळबाग: कोकणातल्या झाडोऱ्यात रातांबा, जायफळ आणि मँगोस्टीन

कोकणात घराच्या पाठीमागे, वहाळाच्या कडेला किंवा उतारावर जुन्या झाडांची एखादी राई असते. ऐन, किंजळ, नाणा, फणस, दोन-चार रायवळ आंबे, एखादी सुरंगी. अशा जागेत फळबाग करायची म्हटलं की पहिला सल्ला येतो तो साफसफाई करून हापूस किंवा काजू लावण्याचा. हे दोन्ही उन्हाचे जीव. राई न तोडता तिच्यात हापूस लावला तर तो पानांनी हिरवागार राहतो, मोहोर जेमतेम येतो आणि जो येतो त्यावर तुडतुडे बसतात. काजूचंही तसंच. सावलीत पीक घटतं आणि ढेकण्या कीड मात्र वाढते.

राई आहे तशी ठेवून तिच्या पोटात लावण्याजोगी फळझाडं वेगळी आहेत. रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड, गोव्यातलं भिरंड, हा मुळात सह्याद्रीच्या सदाहरित झाडोऱ्यातलाच. जायफळाला तर लहानपणी सावली लागतेच. जमिनीत बारमाही ओल असेल तर मँगोस्टीनही होतं. गोव्यातली कुळागरं, म्हणजे घरालगतच्या मिश्र बागा, सुपारी-नारळाच्या सावलीत जायफळ, मिरी, केळी, अननस पिढ्यान्‌पिढ्या घेत आली आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्राने नारळात मसाल्याची पिकं घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धत बसवून दिली आहे. मात्र तिथलं वेळापत्रक राईत जसंच्या तसं उचलता येत नाही. कारण नारळाची सावली बारा महिने साधारण सारखी असते, राईची नसते.

सावली नको तेव्हा दाट, हवी तेव्हा गायब

ऐन, किंजळ, नाणा, सावर ही पानझडीची झाडं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची पानं गळतात. एक-दोन वर्षांच्या जायफळाला सावलीची खरी गरज मार्च ते मेमध्ये असते आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरचं छप्पर उडालेलं असतं. जून ते सप्टेंबर आभाळ आधीच काळवंडलेलं, त्यात राई पानांनी गच्च भरलेली, त्यामुळे खालच्या झाडाला उजेड मिळत नाही, पानं सुकत नाहीत आणि बुरशी धरते. राईत फळझाडं फसतात ती बहुतेक या दोन टोकांमुळे. जमीन किंवा खत यांचा नंबर त्यानंतर लागतो.

म्हणून सावलीची मोजणी वर्षातून दोनदा करायची: एकदा एप्रिलमध्ये, एकदा ऑगस्टमध्ये. मोबाईलवर उजेड मोजणारं ॲप चालतं. आकडे अगदी अचूक नसले तरी आपल्याला फक्त गुणोत्तर हवं आहे. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, आभाळ एकसारखं असताना, आधी मोकळ्या अंगणात आकडा घ्या. लगेच राईत जाऊन एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत चालत दर दोन पावलांवर फोन छातीच्या उंचीला आडवा धरून वीसएक आकडे टिपा. त्यांची सरासरी काढून मोकळ्या जागेच्या आकड्याशी ताडून बघा. एकाच जागी उभं राहून मोजलं तर कवडसा पडला की आकडा फुगतो आणि नाही पडला की कोसळतो, म्हणून चालत मोजायचं.

ऑगस्टमधला उजेड मोकळ्या जागेच्या पाचव्या हिश्शापेक्षा कमी असेल तर तिथे कोणतंच फळझाड धरणार नाही. आधी फांद्या विरळ कराव्या लागतील. एकतृतीयांश ते निम्मा उजेड जायफळ आणि मँगोस्टीनला चालतो. रातांबा लहानपणी तेवढ्यात वाढेल, पण फळायला त्याला निम्म्याहून जास्त उजेड हवा. गर्द सावलीतले रातांबे भाल्यासारखे उंच सरळ वाढतात आणि शेंड्याला चार फळं धरतात. रातांबा कुठेही होतो असं ऐकायला मिळतं. झाड होतं हे खरं, पीक होत नाही.

एप्रिलचा आकडा निम्म्याच्या वर गेला तर समजा, लहान कलमांसाठी उन्हाळ्यात मांडव घालावा लागणार. ते काम पुढे येतंच.

कुऱ्हाड उचलण्याआधी सातबारा

जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘वन’ किंवा ‘खाजगी वन’ अशी नोंद आहे का ते पाहा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे कोकणात अनेकांच्या वहिवाटीच्या जमिनींवर अशा नोंदी आहेत. अशी नोंद असेल तर फांदीलाही हात लावण्याआधी चौकशी करा. नोंद नसली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, आंबा, खैर, साग ही झाडं आहेत. ती तोडायची असतील तर परवानगी लागते. आपल्याला बहुतेक वेळा झाड पाडायचंच नसतं, फक्त कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, उतरवायची असते. देवराईत मात्र यातलं काहीच करू नये.

सावली कशी उतरवायची

काम मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीआधी संपवा. तेव्हा उतरवलं की पावसाळ्यात खाली उजेड जातो आणि पुढच्या मार्चपर्यंत धुमारे फुटून थोडी सावली परत येते. हीच छाटणी ऑक्टोबरमध्ये केली तर कलमांना ऐन उन्हाळ्यात आडोसा उरत नाही. भर पावसात केली तर कापलेल्या जागा कुजतात.

आधी खालच्या फांद्या घ्या. मोठ्या झाडाचं बूड पाच-सहा मीटर उंचीपर्यंत मोकळं झालं की कडेकडेने तिरपा उजेड आत येतो आणि वारा खेळतो. पानं सुकायला हा वाराच उपयोगी पडतो. नंतर दिशा बघा. पूर्व आणि आग्नेय बाजू उघडायची, पश्चिम बाजू राखायची. सकाळच्या उन्हाने दव लवकर वाळतं. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन कोवळी पानं भाजतं. नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि रातांबा त्याच सुमारास फुलावर येतो. आग्नेयेची खिडकी उघडी असेल तर त्या थंडीतल्या उन्हाचा फायदा मिळतो.

एका वर्षात एकूण डोलाऱ्याचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. एकदम उघडलं तर दोन गोष्टी हमखास होतात: सावलीला सरावलेल्या झाडांची पानं करपतात आणि मोकळ्या जागेत रानमोडी हे तण माजतं. एकदा रानमोडी शिरली की पुढची चार वर्षं कोयता तिच्यावरच चालतो.

फांदी जाड असेल तर आधी खालून एकतृतीयांश काप द्या, मग चार बोटं पुढे सरकून वरून कापा. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल खाली ओरबाडत नेते. मोठ्या जखमांना बोर्डोपेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. उतरवलेली कवळ राबाला, म्हणजे भाताच्या वाफ्यावर जाळायला, नेऊ नका. पातळ फांद्या आणि पाला बागेतच आच्छादनाला हवा आहे.

अंजनीसारखी बुटकी, दाट सदाहरित झुडपं खालच्या मजल्यावर असतील तर ती कलमाच्या दोन मीटर परिघातून काढावीच लागतात, कारण खरा अंधार तीच करतात. फणस, सुरंगी, जांभूळ ही वरच्या मजल्यावरची सदाहरित झाडं मात्र उन्हाळ्यातली हक्काची सावली. त्यांच्या आसपासची जागा जायफळासाठी राखून ठेवा आणि पानझडीच्या झाडांखालची रातांब्याला द्या, म्हणजे निम्मी अडचण लागवडीपूर्वीच सुटते.

नर-मादीचा घोळ

रातांबा आणि जायफळ या दोन्हींत नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. रातांब्यात त्याला सात-आठ वर्षं जातात, जायफळातही जवळपास तेवढीच. राईतली जागा मोजकी, सावली सांभाळायचं कष्टाचं काम, आणि आठ वर्षांनी निम्मी झाडं नर. म्हणून कलमंच घ्यायची. दर दहा झाडांमागे एक नर पुरतो. तो वाऱ्याच्या आणि मधमाश्यांच्या वाटेवर, बागेच्या मधोमध लावा, कोपऱ्यात टाकू नका.

कलम मादी झाडाचं आहे एवढ्यावर समाधान मानू नये. या दोन्ही झाडांना दोन प्रकारच्या फांद्या असतात: सरळ वर जाणारे शेंडे आणि आडव्या पसरणाऱ्या फांद्या. आडव्या फांदीच्या काडीवर केलेलं कलम आयुष्यभर आडवंच वाढतं. झुडपासारखं जमिनीलगत पसरतं, खोड धरत नाही. मोकळ्या बागेत काहींना ते सोयीचं वाटतं, कारण फळं हाताला येतात. राईत मात्र असं झाड ओल्या जमिनीला टेकतं, पानांवर चिखल उडतो आणि त्याला उजेडाकडे जाताच येत नाही. रोपवाटिकेत कलम हातात घेऊन वरून बघा. सरळ शेंड्याच्या कलमाला चारही बाजूंना फांद्या फुटतात. आडव्या फांदीच्या कलमाची पानं पंख्यासारखी एका पातळीत पसरलेली असतात आणि शेंडा एका बाजूला झुकलेला असतो. दुसरं घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी.

जातींबद्दल: रातांब्यात विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या दोन जाती. हातीसचं फळ बरंच मोठं. अमृताचं लहान, पण पावसाआधी हाती येणारं. राईत अमृता बरी, कारण सावलीत फळ पिकायला आधीच उशीर होतो आणि जूनच्या पावसात सापडलेला रातांबा आमसुलाच्या कामाचा राहत नाही. जायफळात ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’, ‘कोकण श्रीमंती’ आणि ‘कोकण संयुक्ता’ आहेत. संयुक्तामध्ये एकाच झाडावर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात, त्यामुळे चार-पाचच झाडांची जागा असेल तर ती सोयीची.

राईत आपसूक उगवलेले जुने रातांबे असतील तर आधी त्यांची ओळख पटवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुलं बघा. नराची फुलं घोसाने, आत पुंकेसरांचा गच्च गोंडा. मादीची फुलं एकेकटी किंवा दोन-तीन, मधोमध हिरवा टपोरा अंडाशय दिसतो. फुलावर आलेल्या सगळ्या झाडांना रंगाचा पट्टा मारून ठेवा, म्हणजे पुढे काम करताना घोळ होणार नाही. जादा नर तोडून टाकण्याऐवजी त्यांचं मादीत रूपांतर करता येतं. खोड जमिनीपासून पाऊण ते एक मीटरवर तिरपं कापा, कापावर बोर्डोपेस्ट लावा. धुमारे फुटले की चांगले सरळ तीन-चार ठेवून बाकीचे काढा. ते पेन्सिलीएवढे झाले की त्यांच्यावर मादी झाडाच्या सरळ शेंड्याची काडी कलम करायची. मुळं जुनी आणि खोल असल्याने असं झाड नव्या लागवडीपेक्षा किती तरी लवकर फळतं. नवीन कलमं आणायच्या आधी हे काम करणं शहाणपणाचं.

मँगोस्टीनला यातली कोणतीच भानगड नाही. नराशिवाय फळतं आणि बी लावलं तरी आईसारखंच झाड येतं. त्याची अडचण निराळी. बी वाळलं की मेलं. फळातून काढल्यावर धुऊन आठवडाभरात लावावं लागतं. सोटमूळ लांब आणि तंतुमुळं फार कमी, त्यामुळे रोप मोठं झाल्यावर पिशवीतून काढताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटला तर ते सहसा जगत नाही. उंच पिशवीत वाढवलेलं दोन वर्षांचं रोप घ्या. फळासाठी सात ते दहा वर्षं धरून चाला. घाई असलेल्याने या वाटेला जाऊ नये.

खड्डा, आणि शेजारच्या मुळांचं काय

राईत ओळी-रांगा जमत नाहीत. खोडांच्या मधल्या मोकळ्या जागा शोधायच्या. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून किमान तीन-चार मीटर, दोन रातांब्यांत किंवा जायफळांत सहा-सात मीटर. जाड आडव्या फांदीच्या टोकाखाली खड्डा घेऊ नका. पावसात तिथून टपोऱ्या थेंबांची धार लागते, माती उखडते आणि चिखलाबरोबर बुरशी पानांवर उडते. कुजलेल्या जुन्या बुंध्याच्या दोन मीटरच्या आतही नको, तिथे वाळवीचं घर असतं.

रातांब्याला ६० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा. जायफळ आणि मँगोस्टीनला शक्य तिथे ९० सेंटिमीटरचा. मध्येच कातळ लागला तर सुरुंगाच्या नादी न लागता जागा बदला. खड्डे एप्रिलमध्ये खणून महिनाभर तापू द्या. वरची काळसर, पालापाचोळ्याची पंधरा सेंटिमीटर माती वेगळी काढा. राईतलं खरं धन ती माती. भरताना ती खाली आणि मुळांभोवती जाईल असं बघा. तिच्यात २० किलो कुजलेलं शेणखत आणि १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. खड्ड्याच्या भिंतीतून डोकावणारी अंगठ्याएवढी मुळं धारदार कोयत्याने सफाईने कापा, फाडू नका.

ही मुळं परत येतात. सुपीक, पाणी घातलेला खड्डा शेजारच्या ऐनाला आयतं ताट वाटतं. खत घालूनही कलम दोन वर्षं ढिम्म राहिलं तर बहुतेक हेच कारण. उपाय म्हणजे मोठ्या झाडाच्या बाजूने, कलमापासून एक मीटरवर, ३० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल चर. त्यात पाला भरून ठेवायचा आणि दर वर्षी मेमध्ये एकदा कुदळीने पुन्हा मोकळा करायचा. मोठ्या झाडाच्या बुंध्यापासून दोन मीटरच्या आत मात्र चर नेऊ नका. मुळांचा आधार गेला तर जुलैच्या वाऱ्यात ते झाडच कलमावर येईल.

पाण्याची सोय नसेल तर जूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत लावा. सोय असेल तर गणपतीच्या सुमाराला लावणं जास्त चांगलं. पावसाचा जोर ओसरलेला असतो, जमीन ऊबदार असते आणि जुलैतल्या कुजीतून कलम वाचतं. खड्ड्यावर जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच मातीचा उंचवटा करून त्यावर लावा, कारण माती नंतर दबते. जायफळाच्या मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडून गळतात आणि मग काही करता येत नाही. उतारावर वरच्या अंगाला चंद्रकोरी पाट काढून पाणी बाजूला वळवा. कलमाचा जोड जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढायला बरेच जण विसरतात. वर्षभराने ती खोडात रुतते आणि पहिल्या वादळात कलम तिथेच मोडतं.

पहिले तीन उन्हाळे

डिसेंबर संपायच्या आत पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचा कूड उभा करा. वरून विरळ मांडव. कलमाला चिकटून नको, हातभर अंतर ठेवा. निम्मं ऊन आत आलं पाहिजे. पहिल्या पावसाबरोबर तो काढून टाकायचा. काढायला आळस केला तर आतली दमट हवा कलम कुजवते. कायमची सोय म्हणून पश्चिमेला दोन मीटरवर गिरिपुष्पाच्या खुंट्या लावता येतात. थंडीत फुलावर येताना त्याचीही पानं गळतात, म्हणून कुडाची सवय लगेच सोडू नये.

पाणी: जमिनीत पंधरा सेंटिमीटर खोल हात घालून माती मुठीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर थांबा, भुगा झाला तर पाणी द्या. राईतली माती वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते, म्हणून दिवस मोजून पाणी देणं फसवं. ढोबळ अंदाज असा की जायफळाच्या लहान कलमाला उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी १५ ते २० लिटर. मँगोस्टीनला थोडं-थोडं, पण जास्त वेळा. रातांब्याला पहिली दोन वर्षं आठवड्याला एकदा, पुढे तो स्वतःचं बघतो.

आच्छादन दहा सेंटिमीटर जाड, खोडापासून वीतभर दूर. पावसाळ्यात ते आणखी मागे ओढा. त्यात जाड वाळक्या काटक्या नकोत, वाळवीला ते निमंत्रण आहे. राईत पालापाचोळा म्हणजे वणव्याचं इंधनही आहे. त्यामुळे जानेवारी संपायच्या आत सभोवती तीन मीटर रुंद जाळरेषा झाडून साफ ठेवा आणि मे अखेरपर्यंत दर पंधरवड्याने पुन्हा झाडा. शेजारच्या वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीत राब भाजतात तेव्हा एक ठिणगी पुरते.

गुरं, रानडुकरं, वानरं, साळिंदर हे सगळे हिशेबात धरावेत. गुरांसाठी वई, म्हणजे साधं कुंपण, पुरते. साळिंदर बुंध्याची साल कुरतडतं, त्यासाठी पहिली चार-पाच वर्षं खोडाभोवती जाळीचं नळकांडं लावा आणि जाळीची कड जमिनीत वीतभर पुरा. वानरांवर खात्रीचा उपाय नाही. रातांब्याच्या आंबटपणामुळे ती त्याच्यापेक्षा शेजारच्या केळीकडे आधी वळतात, एवढाच दिलासा.

खत

रातांब्याची शिफारस पहिल्या वर्षी २ किलो शेणखत, ५० ग्रॅम नत्र, २५ ग्रॅम स्फुरद, ५० ग्रॅम पालाश अशी आहे आणि दर वर्षी तेवढीच भर घालत दहाव्या वर्षी २० किलो, ५००, २५० आणि ५०० ग्रॅम. बाजारातल्या भाषेत पहिल्या वर्षीचं म्हणजे सुमारे ११० ग्रॅम युरिया, १५५ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. जायफळाला पहिल्या वर्षी १० किलो शेणखत, २० ग्रॅम नत्र, १८ ग्रॅम स्फुरद, ५० ग्रॅम पालाश आणि वाढवत पंधराव्या वर्षी ५० किलो शेणखत, ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद व १ किलो पालाश.

हे आकडे उजेडातल्या बागेचे. राईत नत्र निम्मं करा. उजेड कमी असताना जादा नत्र दिलं की झाड लांबट, लुसलुशीत फांद्या काढतं आणि बुरशीला त्याच आवडतात. पालाश मात्र पूर्ण द्या. मात्रा दोन भागांत विभागायची: पहिला मृगाच्या सरी स्थिरावल्यावर, दुसरा सप्टेंबरअखेर. जुलैत घातलेलं खत वहाळाला जातं. खत खोडाशी न घालता पानांच्या घेराखाली उथळ चर काढून द्या.

काय बिघडतं

सर्वांत जास्त त्रास जायफळाला, आणि तो बहुतेक पावसाळ्यातला. फांदीवरून पांढऱ्या बारीक धाग्यांचं जाळं पानांच्या खालच्या बाजूला पसरतं, पानं काळी होऊन गळतात पण धाग्याला लटकत राहतात. याला धागा करपा म्हणतात. तो दिसला की समजायचं, छप्पर फार दाट झालंय. रोगट फांद्या निरोगी भागात वीतभर आत जाऊन कापा, जाळा, वरची सावली विरळ करा आणि मग एक टक्का बोर्डो फवारा. नुसतं फवारून भागत नाही, अंधार तसाच असेल तर पुढच्या श्रावणात ते परत येतं.

दुसरी तक्रार अर्धवट वाढलेली फळं डाग पडून, देठाकडून कुजून गळण्याची. मेअखेर एक फवारणी आणि ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की दुसरी. गळलेली फळं रोज उचलून बागेबाहेर पुरायची.

बोर्डो घरीच करा, तयार मिश्रणापेक्षा ताजं चांगलं चिकटतं. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात. मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचं. मग लोखंडी कोयत्याचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडी निवळी आणखी घाला. तशीच फवारलीत तर कोवळी पानं जळतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

रातांब्याला रोग फारसे नाहीत. बांडगूळ मात्र राईतल्या जुन्या आंब्यांवरून त्याच्यावर येतं. नुसतं ओढून काढलं तर आतलं मूळ राहतं आणि ते पुन्हा फुटतं. ते धरलेल्या जागेच्या वीत-दीड वीत खाली फांदीसकट कापा, तेही त्याची फळं पिकून पक्ष्यांनी पसरवण्याआधी. रातांबा उंच पळत असेल तर चार मीटरवर शेंडा मारा, नाहीतर काढणीला माणूस मिळत नाही.

काढणी

रातांब्याची कलमं मोकळ्या उन्हात चार-पाच वर्षांत फळतात, राईत एक-दोन वर्षं जास्त धरा. फळं एकदम पिकत नाहीत, एप्रिलपासून तीन-चार वेळा काढावी लागतात. पूर्ण लाल झालेलीच तोडा. आमसुलासाठी फळं धुवून फोडायची, गर-बिया वेगळ्या करून साली उन्हात वाळवायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवून पुन्हा वाळवायच्या, असं रंग काळपट गडद होईपर्यंत. वाळवण राईत होत नाही, त्यासाठी अंगण किंवा गच्ची लागते. बिया टाकू नका, त्यांचं कोकमतेल निघतं.

जायफळ थोडं थोडं वर्षभर येतं, पण मुख्य हंगाम पावसाळा. फळ झाडावर उकललं की काढा किंवा पडल्याच्या दिवशीच उचला. ओल्या जमिनीवर एक रात्र राहिली तरी जायपत्रीला बुरशी लागते. जायपत्री हलक्या हाताने सोडवून तळव्याने सपाट करा आणि वेगळी वाळवा. लाल रंग पिवळसर तपकिरी झाला आणि ती मोडताना कुरकुरली की झाली. जायफळ कवचासकट वाळवायचं, हलवल्यावर आत खुळखुळ वाजेपर्यंत. पावसात चुलीच्या वरचा माळा किंवा छोटा ड्रायर वापरताना उष्णता ४५ अंशांच्या खाली ठेवा. त्याच्यावर जायफळातली चरबी वितळायला लागते आणि फळ आतून तेलकट, काळं पडतं. वाळलेला माल हवाबंद डब्यात भरा. जायपत्री प्रकाशापासून दूर ठेवली नाही तर तिचा रंग उडतो, आणि व्यापारी भाव करतो तो आधी रंग बघूनच.